चार व्हीसीआर आणि दादीचा आवाज

आमच्या घरात चार व्हीसीआर आहेत आणि चारही चालू आहेत. हे ऐकलं की लोक हसतात. घरातली पोरं विचारतात, "एक पुरत नाही का?" प्रश्न रास्त आहे. कॅसेट लावली, चित्र दिसलं, झालं काम. पण व्हीएचएसचं तसं नसतं. एकाच कॅसेटमधून चार यंत्रं चार वेगळ्या गोष्टी बाहेर काढतात. कुठलं यंत्र काय काढतं, हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली.

जपानच्या जेव्हीसी कंपनीनं व्हीएचएस बाजारात आणलं ते १९७६ साली. आपल्या देशात व्हीसीआरचं वेड पसरलं ते १९८२च्या एशियाडच्या आसपास, रंगीत टीव्हीसोबत. कोकणातल्या मुसलमान घरांत मात्र तो दुकानातून आला नाही, आखातातून आला. दुबई, कुवेत, सौदीहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात ब्लँकेट, अत्तर, टेपरेकॉर्डर असायचे. मग त्यात व्हीसीआरची भर पडली. आमच्या चाचांनी दुबईहून आणलेला नॅशनलचा व्हीसीआर चिपळूणजवळच्या आमच्या गावातला पहिला. निकाह, अकीका, हाजींची रवानगी, सगळं कॅसेटवर उतरू लागलं. आखातात अडकलेल्या माणसाला बहिणीचं लग्न दिसायचं ते अशाच एखाद्या कॅसेटवर, तीन महिन्यांनी, कुणाच्या तरी बॅगेतून गेलेल्या.

आज त्या कॅसेटी माळ्यावर, कपाटाच्या तळाशी किंवा उकिरड्यावर आहेत. कोकणातल्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. जुलै २०२१च्या पुरात चिपळुणातल्या कितीतरी घरांतून फर्निचरबरोबर कॅसेटीही गेल्या. उरल्यात त्या वाचवायच्या तर आधी वाचणारं यंत्र हवं, म्हणून मी यंत्रं जमवू लागलो.

आता यंत्रायंत्रात फरक का पडतो, ते थोडक्यात सांगतो. फीत अर्धा इंच रुंद. व्हीसीआरच्या पोटात ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम तिरका बसवलेला असतो आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो. ड्रमवरची हेडं फितीवर तिरप्या रेघा ओढतात. एक रेघ ४९ मायक्रॉनची, म्हणजे केसाहून बारीक. कॅसेट परत लावली की हेडाला बरोबर त्याच रेघेवरून जावं लागतं. फीत ताणली गेलेली असते, मोटर एका चालीनं फिरत नाही, त्यामुळे चित्रातली प्रत्येक ओळ क्षणभर लवकर किंवा उशिरा येते. दाराची उभी चौकट पाण्यात दिसावी तशी हलते ती यामुळेच.

यावर उपाय म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. आलेली ओळ तो आपल्या मेमरीत पळभर धरून ठेवतो आणि ठरल्या वेळी बाहेर सोडतो. चौकट सरळ होते. साध्या व्हीसीआरमध्ये हे नसतं. १९८७ साली एस-व्हीएचएस निघालं, त्या जातीच्या मोजक्या महागड्या यंत्रांमध्ये ते आलं. जमवणारे लोक आजही ज्यांच्यामागे धावतात ती हीच यंत्रं.

माझ्याकडे अशी दोन आहेत. पहिलं पॅनासॉनिकचं एनव्ही-एफएस२००, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं. मुंबईत चोरबाजारात मिळालं, तेव्हा मुकं होतं. त्या काळातले लहान कपॅसिटर वयानं सुकतात किंवा पाझरतात. लॅमिंग्टन रोडवरून नवे आणून एका ओळखीच्या मेकॅनिकनं एकेक बदलला. दुसरं जेव्हीसीचं एचआर-एस९६००, जवळपास दशकाच्या शेवटचं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मामूच्या मुलानं आणून दिलं. तिथंही पालच चालायचं, त्यामुळे जुळलं.

दोन्हींवर एकच कॅसेट कितीतरी वेळा लावून पाहिली आहे. जेव्हीसीचं चित्र शांत असतं. रंगातला किरकिरेपणा ते पुसून टाकतं, अंधाऱ्या मांडवातही माणूस उठून दिसतो. पण पुसण्याच्या भरात नवरीच्या ओढणीवरची टिकल्यांची नक्षीही जाते, चेहरे मेणाचे वाटू लागतात. म्हणून त्यातलं 'एडिट' हे सेटिंग लावतो, त्यात यंत्र स्वतःची अक्कल कमी चालवतं. पॅनासॉनिकचं चित्र जास्त खरखरीत, पण त्यात टिकल्या दिसतात. शिवाय खराब कॅसेटवर जेव्हीसी अडखळते तिथं पॅनासॉनिक पुढं जाते, तर कधी नेमकं उलट होतं. म्हणून 'सगळ्यात भारी कुठलं?' या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं आहे: कॅसेट दाखवा, मग सांगतो.

तिसरं यंत्र सौदीच्या कॅसेटींमुळे घ्यावं लागलं. सौदीचा टीव्ही तेव्हा सेकाम पद्धतीचा. तिथं राहणाऱ्या आमच्या लोकांनी रमजानमध्ये मक्केतली तरावीहची नमाज टीव्हीवरून रेकॉर्ड करून गावी पाठवली होती. मध्यपूर्वेत सेकामचं प्रक्षेपण कॅसेटवर ज्या पद्धतीनं उतरायचं तिला मेसेकाम म्हणतात. फक्त पाल समजणाऱ्या यंत्रात ती कॅसेट घातली की रंग गायब. गावातल्या एका खालाची कित्येक वर्षं समजूत होती की कॅसेट काळीपांढरीच आहे. पॅनासॉनिकचं एनव्ही-डब्ल्यू१ जगातल्या बहुतेक पद्धती वाचतं आणि एकीतून दुसरीत बदलूनही देतं. त्यावर ती लावली आणि सोन्याच्या जरीची अक्षरं असलेला काबेचा काळा गिलाफ दिसला. खाला बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

चौथं यंत्र चाचांचा तोच दुबईचा नॅशनल. त्यात टीबीसी नाही, एस-व्हीएचएस नाही, हायफाय आवाज नाही. विकायला काढला तर भंगाराचा भाव येईल. सगळ्यात मोलाचं काम मात्र त्यानंच केलं.

आमच्या दादीचा एकही फोटो नाही. तिचा पडदा कडक होता, फोटोला ती तयार नसे. पासपोर्ट कधी निघाला नाही, आणि फोटोची मतदार ओळखपत्रं यायच्या आधीच, १९९१ साली ती गेली. पण १९८९ साली धाकट्या फुफीच्या लग्नात मेहंदीच्या रात्री बायका गाणी म्हणत होत्या आणि व्हिडिओवाल्याचा कॅमेरा अंगणात होता. आत दादी गात होती. कॅमेऱ्यात दिसतो तो फक्त खिडकीचा पडदा आणि त्यामागचा बल्ब.

या कॅसेटपुढं माझी भारी यंत्रं हतबल होती. खिडकीचा पडदा सुरेख दिसत होता, आवाज मात्र उशी तोंडावर धरल्यासारखा. व्हीएचएसवर आवाज दोन प्रकारे साठवता येतो. हायफाय आवाज फिरत्या ड्रमवरची हेडं लिहितात, तो छान असतो. साधा आवाज फितीच्या कडेला, न हलणाऱ्या हेडानं लिहिलेला असतो. लग्नाच्या बहुतेक कॅसेटींवर हाच असतो. पालमध्ये फीत सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, म्हणजे गाण्याच्या ऑडिओ कॅसेटच्या निम्म्या वेगानं. मुळातच तो आवाज दबका. त्यात व्हिडिओवाल्याच्या यंत्राचं आवाजाचं हेड किंचित कलतं बसलेलं असेल, तर नीट जुळवलेल्या भारी यंत्रावर त्यातले बारीक स्वर ऐकूच येत नाहीत. त्यांचं हेड सरळ आहे, हीच इथं त्यांची अडचण.

भारी यंत्राची जुळणी मोडायची नाही, म्हणून नॅशनलचं झाकण उघडलं. आवाजाच्या हेडाशेजारी एक लहान स्क्रू असतो, त्यानं हेडाचा कल बदलतो. आधी त्याच्या मूळ जागेवर रंगाची खूण केली. मग हेडफोन लावून, कॅसेट चालू ठेवून, पेचकस केसभर फिरवायचा आणि ऐकायचं. अंगणातल्या भांड्यांचा आवाज आधी मोकळा झाला. मग बांगड्या. मग शब्द. बाकीच्या बायकांच्या अर्धा श्वास पुढं जाणारा, शेवटचं अक्षर तोडणारा एक आवाज होता. अब्बांना बोलावलं. त्यांनी हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "अम्मा." पुढं गाणं संपेपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

आवाज नॅशनलवरून घेतला, चित्र जेव्हीसीवरून, आणि दोन्ही कॉम्प्युटरवर जुळवली. दोन यंत्रांची चाल सारखी नसते, त्यामुळे दर काही मिनिटांनी पुन्हा जुळवावं लागलं.

मग खरा प्रश्न उभा राहिला. चुलतभावांचं म्हणणं, घरच्या ग्रुपवर टाक. तो ग्रुप दीडशे जणांचा, तिथून ते कुठं जाईल सांगता येत नाही. जिनं आयुष्यभर परक्यासमोर आवाज चढवला नाही, तिचं गाणं मी कुणाच्या परवानगीनं फिरवू? दादीला विचारता येत नाही. "जमाना बदलला" असं एक चुलतभाऊ म्हणाला. जमाना आपल्यासाठी बदलला, तिच्यासाठी नाही. मी तिच्या तीन मुलींना, म्हणजे माझ्या फुफींना, एकेक पेन ड्राइव्ह दिला आणि सांगितलं, हे तुमचं, काय करायचं ते तुम्ही ठरवा. त्यांनी ठरवलं की घरात ऐकायचं, नातवंडांना ऐकवायचं, पण पाठवायचं नाही. मला ते पटलं. ज्यांना पटलं नाही ते ईदेला फुफीच्या घरी जाऊन ऐकतात. त्या निमित्तानं जाणं होतं, हेही वाईट नाही.

जमवण्याचा नाद असलेली माणसं यंत्रांची तुलना चित्रावरून करतात, मीही करतो. पण कॅसेटमध्ये नेमकं काय वाचवायचं आहे हे यंत्राला ठाऊक नसतं, घरच्या माणसाला असतं. कुणाला टिकल्या हव्या असतात, कुणाला काबेचा गिलाफ, कुणाला पडद्यामागचा आवाज. ते आधी विचारावं आणि मग यंत्र निवडावं.

वेळ मात्र फार नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र कुणी काढत नाही. हेडं झिजतायत, रबर कडक होतंय आणि दुरुस्ती जाणणारे उस्ताद म्हातारे झालेत. तुमच्या माळ्यावर कॅसेटी असतील तर या पावसाळ्याआधी खाली काढा. बुरशी दिसली तर घाईनं कुठल्याही यंत्रात घालू नका. फीत फाटते, शिवाय बुरशी यंत्राला लागून पुढच्या कॅसेटीही बिघडवते. कोरड्या जागी उभ्या ठेवा. प्रत्येकीवर कुणाचं काय आहे ते लिहून घ्या आणि हे काम घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला जवळ बसवून करा. आवाज ओळखणारा माणूस घरात आहे तोवरच त्या आवाजाला नाव आहे.