गाळ

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर आमच्या वसईतल्या धर्मग्रामाची मंडळी फावडी-घमेली घेऊन निघाली, मीही गेले.

एका आजींच्या घरात गाळाखाली शिलाई मशीन सापडलं. पोरांनी ते रॉकेलनं धुतलं, तरी चाक हलेना. आजी त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, मग शेजारून मागून आणलेल्या दुधाचा चहा आमच्यापुढे ठेवला. ज्यांचं सारं वाहून गेलं, त्यांच्याकडून कप घेताना फार अवघडले. नाही म्हणणं त्याहून कठीण होतं.

मदतीला जाणाऱ्यानं द्यावं, घेऊ नये, असंच मी मानत आले. त्या चहानंतर तसं ठामपणे म्हणवत नाही. रविवारी मिस्सेनंतर फादरांशी बोलावं म्हणते. मशीन पुढे चाललं की नाही, कोण जाणे.