फोटोतली माणसं आणि त्यांची नावं

घरोघरी आता एक नवी अडगळ साठली आहे. ती माळ्यावर नसते, पलंगाखाली नसते, धूळही खात नाही; त्यामुळे दसऱ्या-दिवाळीच्या साफसफाईत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. ती असते संगणकात. ‘न्यू फोल्डर’, ‘न्यू फोल्डर टू’, ‘जुना मोबाईल’, ‘जुना मोबाईल परत’, ‘बारसं फायनल’, ‘बारसं फायनल खरं’ अशा नावांच्या खणांत हजारो फोटो कोंबलेले असतात. आमच्याकडे मागच्या उन्हाळी सुट्टीत मोजदाद केली तेव्हा तेवीस हजारांवर आकडा गेला. त्यांत २००८ सालच्या आमच्या लग्नापासूनचे डिजिटल फोटो होते, वडिलांच्या ट्रंकेतले स्कॅन केलेले कृष्णधवल फोटो होते, आणि ‘शुभ सकाळ’ लिहिलेली गुलाबाची फुलंही होती. फुलांची संख्या सांगत नाही.

रोलच्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो बसत. एकेक फोटो विचार करून काढला जाई आणि धुऊन आला की घरातलं कुणीतरी मागे पेन्सिलीने दोन शब्द लिही. माझ्या वडिलांना ती सवय होती. ‘गोकाक धबधबा, १९७८, डावीकडून तिसरा मी’ एवढंच असायचं, पण पुरेसं असायचं. डिजिटल फोटोला मागची बाजूच नाही, आणि माझी खरी अडचण तिथे सुरू झाली. फोटो लावून ठेवायला वाटेल तितकी सॉफ्टवेअर मिळतात. पेन्सिलीचे दोन शब्द फोटोसोबत टिकवून ठेवणारं कोणतं, हे पाहायचं होतं.

तसं पाहिलं तर मागची बाजू अगदीच नाही असंही नाही. कॅमेरा फोटो काढतो तेव्हा चित्राबरोबर त्याच फाईलमध्ये तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, भिंगाची माहिती अशा नोंदी लिहून ठेवतो. याला ‘एक्झिफ’ म्हणतात. माणसांची नावं, गाव, प्रसंग अशा आपण घालायच्या नोंदींसाठीही ‘आयपीटीसी’ आणि ‘एक्सएमपी’ नावाच्या ठरलेल्या पद्धती आहेत. म्हणजे पेन्सिल चालवायला जागा आहे. काही सॉफ्टवेअर मात्र त्या जागी न लिहिता आपल्या स्वतःच्या वहीत लिहितात. ते सॉफ्टवेअर गेलं की वही गेली, आणि फोटो पुन्हा मुके.

हे नुसतं तर्काचं नाही. अनेकांना पिकासा आठवत असेल. गूगलने ते २००४ मध्ये घेतलं, फुकट वाटलं, आणि २००९ मध्ये त्यात चेहरे ओळखण्याची सोय आली. घरच्या संगणकासाठी इतकं सुटसुटीत काही मी तरी पाहिलं नव्हतं. २०१६ मध्ये ते बंद झालं. चेहऱ्यांची नावं फोटोच्या आत लिहायची सोय त्यात होती, पण ती आपण निवडावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या फोटो गॅलरीचाही आधार जानेवारी २०१७ मध्ये संपला. यात कुणाला दोष द्यायचं कारण नाही. दुकानं उघडतात, दुकानं मिटतात. आपला माल दुकानदाराच्या वहीवर किती अवलंबून ठेवायचा, हे गिऱ्हाइकाने ठरवायचं.

तेव्हा मी चार अटी कागदावर लिहिल्या. नावं फोटोच्या फाईलमध्ये लिहिली गेली पाहिजेत. इंटरनेट नसताना काम चाललं पाहिजे. मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्या चालल्या पाहिजेत. आणि दरमहा पैसे भरायला लागू नयेत. बायकोने पाचवी अट घातली, ‘तुम्ही कॉलेजात असताना मला एकटीला वापरता आलं पाहिजे.’ ही सगळ्यांत कठीण निघाली.

गूगल फोटोज मोबाईलवर आहेच. त्याची शोधण्याची ताकद थक्क करणारी आहे. ‘समुद्र’ म्हटलं की समुद्र काढून देतं. पण अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली. आता १५ जीबीत पत्रव्यवहारही आला आणि फोटोही, आणि आमचे फोटोच ऐंशी-नव्वद जीबीच्या घरात. शिवाय तिथून सगळं उतरवून घेतलं तर आपण घातलेली बरीचशी माहिती फोटोच्या बाजूला वेगळ्या फाईलमध्ये येते. अॅडोबीचं लाइटरूम व्यावसायिक छायाचित्रकारांचं लाडकं, पण २०१७ नंतर त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला ते परवडतं, लग्नात फोटो काढून घेतलेल्याला कशाला? एक्सएनव्ह्यू एमपी हे हलकंफुलकं आणि घरगुती वापराला फुकट. त्यावर मी आठवडाभर रेंगाळलो. शेवटी डिजिकॅमवर आलो. हे केडीई नावाच्या जगभरच्या स्वयंसेवकांच्या समुदायातून आलेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे, विंडोजवरही चालतं. आपले फोल्डर आहेत तिथेच ठेवतं, चेहरे आपल्याच संगणकावर ओळखतं, आणि सेटिंगमध्ये खूण केली की नावं फाईलमध्ये लिहितं. दिसायला ते जरा रुक्ष आहे. बटणं इतकी की तहसीलदार कचेरीतल्या खिडक्या आठवाव्यात. पण चार अटी पूर्ण झाल्या. पाचवीसाठी एका कागदावर आठ पायऱ्या लिहून तो संगणकाच्या वर चिकटवला.

आता नावं घालायची. इथे आमच्यासारख्या दुभाषी घरात जो गोंधळ होतो तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल.

मी बेळगावचा, बायको हुबळीची. मुलं माझ्या आईला आजी म्हणतात आणि बायकोच्या आईला अज्जी. मुलांना यात काडीचाही घोळ वाटत नाही, एका अक्षराच्या फरकात त्यांना दोन घरं दिसतात. संगणकाला मात्र ती दोन वेगळीच माणसं, आणि कन्नड लिपीत लिहिलेली अज्जी ही तिसरी. मराठीत आईची बहीण मोठी असो की धाकटी, मावशीच. कन्नडमध्ये थोरली दोड्डव्वा आणि धाकटी चिगव्वा. पण मोठ्या चुलत्याची बायकोही दोड्डव्वाच. उलट मराठीत आत्या वेगळी आणि सासू वेगळी. हुबळी-धारवाडकडे अत्ती म्हटलं की दोघींपैकी कोण ते बोलण्याच्या ओघावरून समजून घ्यायचं. तीच गत मावाची. मामाच्या मुलाशी लग्न लागायचं त्या घरांत एकच माणूस दोन्ही असायचा, मग दोन शब्द हवेत कशाला! भाषा शिकवताना वर्गात हे सांगायला मला फार आवडतं. फोटोखाली लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की नातं हे फोटोतल्या माणसाचं नसतंच, बघणाऱ्याचं असतं. माझी आत्या माझ्या मुलीची आजी, आणि मुलीच्या मुलांना ती कोण हे सांगायला तेव्हा कुणी असेलच असं नाही.

म्हणून ठरवलं की खुणेत नाव लिहायचं, आडनावासकट, माहेरच्या आडनावासह. नातं हवं तर खाली मजकुरात. लिपीवरून थोडी वादावादी झाली. मुलीचं म्हणणं, सगळं रोमनमध्ये लिहू, शोधायला सोपं. पण रोमनमध्ये एकाच आत्याची पाच स्पेलिंगं निघाली. अखेर माझ्या बाजूची माणसं देवनागरीत, बायकोच्या बाजूची कन्नडमध्ये, आणि घरातली सगळी दोन्हींत. गावाचं नाव? २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झालं, वडिलांच्या पेन्सिलीत बेळगाव आहे. आम्ही दोन्ही ठेवली. शोधणाऱ्याने जे लिहिलं ते सापडावं, एवढाच उद्देश.

चेहरे ओळखणारं यंत्र नव्या फोटोंत हुशार आहे. जुन्या फोटोंत, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका आणि एकसारख्या मिशांचे भाऊ आले की चाचपडतं. हुबळीच्या घराचा एक सामूहिक फोटो आहे, दगडी कट्ट्यावर बसलेली चौदा माणसं. त्यातल्या कडेच्या मुलीच्या चेहऱ्याभोवती चौकट आखून सॉफ्टवेअरने सुचवलं ते नाव आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीचं होतं. आम्ही हसलो. मग बायको हसायची थांबली, कारण साम्य खरंच होतं. ती मुलगी कोण हे तिलाही माहीत नव्हतं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहायला होत्या. मीही त्यांना अव्वाच म्हणतो. गेल्या वर्षापासून त्या विसरू लागल्या आहेत. सकाळी गोळी घेतली का हे दोनदा विचारतात, नातवाला कधी भावाच्या नावाने हाक मारतात. डॉक्टरांनी सांगितलं आहे की जुनं बराच काळ राहील, पण किती काळ ते सांगता येत नाही. फोटो पडद्यावर मोठा करून त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांनी चष्मा सारखा केला, पडद्याला बोट लावलं आणि म्हणाल्या, ‘इकी नम्म अक्का.’

आपल्याला एक दोड्डव्वा होती आणि ती पहिल्या बाळंतपणात गेली, एवढं बायको ऐकून होती. चेहरा कधी पाहिला नव्हता, कारण तिचा वेगळा फोटोच नाही. हा एकच, चौदा जणांतला. अव्वा अर्धा तास बोलत होत्या. अक्काला पोहता येत होतं. तिला धारवाडी पेढा आवडत नसे, घरात त्यावरून चेष्टा चाले. फोटोत तिने नेसलेलं इरकल आईचं होतं, तिला मोठं होत होतं म्हणून खांद्याशी पिन लावली आहे. मोठं करून पाहिलं तर पिन दिसते. मुलीने सगळं कन्नडमध्ये टिपून घेतलं आणि फोटोखालच्या चौकटीत घातलं. संध्याकाळी अव्वांनी तोच फोटो पाहून विचारलं, ‘यार इवरु?’ मुलीने खालचं वाचून दाखवलं.

त्या दिवसापासून आम्ही कामाचा क्रम बदलला. नवे फोटो थांबतील. त्यांतली माणसं सांगायला आम्ही आहोत. रोज संध्याकाळी दहा जुने फोटो, अव्वा बऱ्या असतील तेव्हा. कंटाळल्या की बंद.

तारखांचं काम मी रात्री करतो, त्याला माणूस लागत नाही. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅन केल्याची तारीख पडते, म्हणजे आजोबा गेल्या मे महिन्यात तरुण होते असं यंत्राचं मत असतं. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो लहान होऊन येतो आणि कॅमेऱ्याच्या नोंदी गळून पडतात. म्हणून नातेवाइकांना माझी विनंती असते की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. धाकट्याच्या बारशाचे सगळे फोटो कॅमेऱ्याची बॅटरी उतरल्यामुळे भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीला पडले होते. एका फोटोत पाळण्यामागे भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ दोन्ही आले आहेत. त्यावरून फरक काढला आणि तेवढा फरक सगळ्या फोटोंना एकदम लावला. डिजिकॅममध्ये त्याची सोय आहे.

फोटो तेवीस हजारांचे साडेसोळा हजारांवर आले आहेत. सारखे फोटो शोधून दाखवायचीही सोय आहे, पण काढून टाकायचं बटण मी स्वतःच दाबतो. तीन प्रती केल्या आहेत. एक संगणकात, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर कपाटात, आणि तिसरी हुबळीला मेहुण्याच्या घरी. एका घरात पाणी शिरलं तर दुसरं घर कोरडं असतं.

कट्ट्यावरच्या चौदांपैकी अकरा जणांना नावं मिळाली. उरलेल्या तिघांत एक फेटेवाला आहे, त्याला अव्वा एकदा ‘पोस्टातले’ म्हणाल्या आणि एकदा नाही म्हणाल्या. गणपतीत हुबळीला जाऊ तेव्हा लॅपटॉप सोबत नेणार आहे. अव्वांच्या एक चुलत बहीण धारवाडला असतात, त्यांचे डोळे अजून चांगले आहेत असं कळलं.