अंगठ्याखालचा काउंटर

आजी जप बोटांच्या पेरांवर मोजायची, आई माळेवर. मावशीने मात्र अंगठीसारखा बोटात बसणारा, रबरी पट्ट्याचा काउंटर घेतला आणि १०८ मण्यांची माळ देव्हाऱ्यात ठेवून दिली. घरातला दुसरा काउंटर माझा. स्टीलचा, तळहातात मावणारा, चार आकडी. अंगठ्याने दाबला की टक् आवाज करत आकडा एकाने पुढे सरकतो, बाजूची चावी फिरवली की पुन्हा शून्य. नोकरीच्या सुरुवातीला मी त्यावर मुलांचं डोकं आपटणं, चावणं, किंचाळणं मोजायचे.

मी वर्तन विश्लेषक. स्वमग्न आणि बौद्धिक दिव्यांग मुलांसोबत काम करते. पालक आल्या आल्या सांगतात, "दिवसभर चावतो हो!" मग घरी बसून मोजावं, तर सकाळ कोरी असते, दुपार कोरी असते आणि सगळे टक् टक् संध्याकाळच्या एका तासात जमतात. तेव्हाच ताईचा अभ्यास सुरू होतो आणि टीव्ही बंद होतो. हा तास सापडला की आईचा चेहरा थोडा सैलावतो.

पण किती वेळा, एवढं कळून भागत नाही; कशासाठी, ते कळावं लागतं. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करून घेणाऱ्या व्यक्तींबाबत हेच पद्धतशीर तपासलं: लक्ष मिळावं म्हणून, काम टळावं म्हणून, की कुणी जवळ नसतानाही? तीन वर्षांनी एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्या वागण्यातून मूल जे मिळवतं, ते मागण्याची दुसरी रीत त्याला शिकवायची.

माझ्याकडचा एक मुलगा बोलत नसे. लिहायची वही समोर आली की कपाळ टेबलावर आपटायचा. मोठी माणसं घाबरून वही उचलायची. त्याच्या दृष्टीने उपाय चोख होता. आम्ही त्याला तळहाताचं चित्र असलेलं कार्ड दिलं: हे दे, लगेच सुट्टी. सुरुवातीला मागेल तितक्या वेळा. "मग तो लिहील कधी?" बाई म्हणाल्या. शंका रास्त होती; कार्ड आणि सुट्टी यांच्यामधलं थांबणं आम्ही पुढे हळूहळू वाढवत नेलं. पण आधी त्याला कार्डावर विश्वास बसायला हवा होता. म्हणून कपाळाची नोंद चालू ठेवूनही काउंटरवर मी दुसरंच मोजत होते: त्याने कार्ड दिल्यावर मोठ्यांनी किती वेळा खरोखर ऐकलं.

"ताई, तुम्ही माझं मोजताय का?" वडिलांनी विचारलं.

"हो."

दोन दिवस ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

या शास्त्राचा इतिहास गोड नाही. आयव्हर लोवास यांचा १९८७ चा अभ्यास आठवड्याला ४० तासांच्या शिकवणीसाठी गाजला. त्याच शिकवणीत जोराने "नाही" म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणंही होतं. अशा शिकवण्यांतून गेलेली स्वमग्न माणसं आज मोठी होऊन आपला राग बोलून दाखवतात. मला तो पटतो. हात फडफडवणं बंद करून द्या, असं कुणी म्हटलं की मी विचारते, त्रास कुणाला होतो? "लोक बघतात." मग मोजायचंच तर लोकांचं मोजू या, असं जिभेवर येतं. कधी कधी बोलूनही जाते.

अलीकडे बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या कार्यशाळेत जाते. १८ वर्षांपुढच्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालक नेमता येतो, त्यामुळे कागदावर सही कुणाची हा प्रश्न सुटतो. रोजचं मात्र कुणी विचारत नाही. तिथे चाळिशीचे एक काका फाइलींना दोरा ओवतात. त्यांना दिवसभरात किती वेळा "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं जातं, हे मी मोजायला घेतलं. चहाची वेळ झाली तरी काउंटर शून्यावर होता. मदतनीस मावशींना म्हटलं, आज दोन कप समोर ठेवा. काकांनी चहाचा कप बाजूला सारला, कॉफीचा ओढून घेतला आणि तळापर्यंत संपवला.

मावशी बघत राहिल्या. मग ऑफिसात जाऊन विचारून आल्या, कॉफीचा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा.