धाकट्याचं पोट का दुखतं?

शाळेत जायच्या वेळी रोज पोट दुखतं म्हणून ८ वर्षांच्या मुलाला आई दवाखान्यात घेऊन आली. लघवीची तपासणी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. "नाटकं करतो हो डॉक्टर. याचा दादा कधी असा नव्हता." मुलाने मान खाली घातली.

मला माझी धाकटी आठवली. थोरलीचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळ्याचे फोटो आहेत. धाकटीच्या वेळी प्रॅक्टिस वाढली होती. १० वर्षांची असताना तिने विचारलं, "बाबा, माझा अल्बम कुठे आहे?" कपडे ताईचे, सायकल ताईची आणि तुलनाही ताईशीच. मी गप्प बसलो.

लक्षात ठेवा, रिपोर्ट नॉर्मल असले तरी दुखणं खोटं नसतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी जोडलेली आहेत. मनावरचा ताण पोटात जाणवू शकतो. मात्र वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त किंवा झोपेतून जागं करणारी वेदना असेल, तर आधी नीट तपासणी हवी.

त्या आईला मी सांगितलं: रोज १५ मिनिटं फक्त याच्यासाठी, मोबाईल बाजूला ठेवून. आणि 'दादासारखा वाग' हे वाक्य बंद.

धाकटीला मी तेव्हापासून दर रविवारी एकटीला फिरायला नेऊ लागलो. आता ती नोकरीसाठी परगावी असते. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. अल्बमचं मात्र अजून ती विसरलेली नाही.