पारा, वारा आणि वळीव

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी इथे जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस होतो. त्यामुळे उन्हाळी पीक उभे राहते ते दुसरीकडे पडलेल्या पावसावर: भाटघर-वीर धरणांचे पाणी नीरा डाव्या कालव्याने येते, तर इंदापूरच्या उत्तर सीमेला उजनी धरणाचा फुगवटा लागून आहे. कालव्यापासून दूर, सुपे-मोरगावच्या जिरायती पट्ट्यात मात्र विहिरी तळ गाठतात.

मार्चपासून पारा चढतो आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशी गाठतो. तरी पिकाचा हिशेब पाऱ्यापेक्षा बाष्पीभवनावर चालतो. ऊन, कोरडी हवा आणि दुपारचा वारा एकत्र आले की उघड्या पात्रातले पाणी दिवसाला १० मिलिमीटरपर्यंत उडते. एकरी हिशेबाने हे सुमारे ४०,००० लिटर होते. म्हणून कालव्याचे आवर्तन लांबले की आठवडाभरात शिवाराचा रंग बदलतो.

पाण्याचा ताण ऊस आधी सांगतो. भर दुपारी पाने सुरळी करतात. संध्याकाळी उलगडली तर चिंता नसते. सकाळीही सुरळी तशीच राहिली, तर मुळाशी ओल उरलेली नाही असे समजावे. खात्रीसाठी वीतभर खोलीची माती मुठीत दाबतात. गोळा झाला तर पाणी थांबवता येते, भुगा झाला तर उशीर झालेला असतो. काळ्या रानाला भेगा पडल्या की उरलेली ओलही त्यांतून निघून जाते. सरीत पाचट अंथरतात ते यासाठीच. डाळिंबाच्या पश्चिमेकडच्या फळांना उन्हाचा चट्टा बसतो. त्यावर केओलिनची पांढरी फवारणी किंवा शेडनेट हा उपाय. माळेगाव खुर्दची राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अशाच ताणांचा अभ्यास करते.

एप्रिल-मेमध्ये दिवसभर उकाडा साचून दुपारनंतर ढग बांधले जातात आणि वळीव येतो. आधी धूळ उठवणारा वारा सुटतो, मग टपोरे थेंब, कधी गारा. जमीन निवते, नांगरलेली ढेकळे विरघळतात. पण केळी आडवी होते आणि ताणलेल्या डाळिंबाला अचानक पाणी मिळाल्याने फळ तडकते. या वाऱ्याचा जोर २१ मे २०२४ रोजी उजनीत दिसला: कुगावहून कळाशीकडे येणारी बोट उलटून सहा जण बुडाले.

वळवाच्या सरासरीवर मदार ठेवता येत नाही. मे २०२५च्या अखेरीस बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली आणि पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला. एरवी ज्या कालव्याच्या पाण्याची वाट पाहायची, त्याच कालव्याचे पाणी ऐन उन्हाळ्यात रानात घुसले.

रोहिणी नक्षत्र लागले की नांगरट, कुळवणी उरकतात. पेरणीला मात्र पहिला वळीव पुरत नाही. मृगाच्या पावसाने वीतभर ओल गेली, तरच चाड्यावर मूठ धरली जाते.