जुन्या गाडीस नवी मात्रा

स्टुटगार्टमध्ये संसार मांडून वीस वर्षे झाल्यावर आम्ही १९८६ सालची पोर्शे ९११ कॅरेरा घेतली, आणि लवकरच तिला नवी चिप बसविण्याचा मोह आम्हांस झाला. चालकाच्या आसनाखालील मोट्रॉनिक पेटीतल्या या चिपेत ठिणगी केव्हा पडावी, पेट्रोल किती जावे, याचा तक्ता असतो. नवी चिप ठिणगी किंचित आधी पाडते. गाडी तरतरीत झाली खरी. पण नॉकिंग ओळखणारा सेन्सर या इंजिनास मुळीच नाही, हे आम्ही सोयिस्करपणे विसरलो! भर उन्हाळ्यात, काटकसरीने कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरून श्वार्त्सवाल्डचा घाट चढू लागलो, तोच इंजिनातून खडखड ऐकू आली. सौभाग्यवतींनी आमच्याकडे नुसते पाहिले. त्याच रात्री खणातली जुनी चिप घेऊन आम्ही आसनाखाली वाकलो.