काळ्या जमिनीवरची गाडी

जालन्याहून राजूरकडं जाताना रस्त्याखाली काळी जमीन आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते, आणि वरचं डांबर तिच्यामागं वर-खाली होत राहतं. खड्डे बुजवता येतात, ही लाट नाही. माझ्या ऐंशीच्या दशकातल्या मारुती ८००ला ती लगेच जाणवते, कारण तिची चाकं बारा इंची. जीप ज्या भेगेवरून सहज निघून जाते, तिथं ही बिचारी उतरून चढते.

अलीकडं ब्रेक लावला की ती नाक खाली घालायची. बॉनेटचा कोपरा दाबून सोडला, तर एकदा वर येऊन थांबण्याऐवजी डुलतच राहायची. मिस्त्रींनी चाकामागं हात घातला आणि बोटं पुढं धरली. तेलात कालवलेली काळी माती.

"शॉकअप गेलेत दादा. एकच बदलू नका, जोडीनंच टाकू."

शॉकअपच्या या नळीचं मला फार अप्रूप आहे. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही रचना १९५०च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत आली; १४ डिसेंबर १९८३ला हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुतीची किल्ली पडली, तेव्हा तिच्या पुढच्या चाकांवरही तीच होती. वजन पेलते ती भोवतालची स्प्रिंग. पण स्प्रिंगला थांबणं ठाऊक नसतं. ते काम आतल्या तेलाचं. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल रेटलं जातं, त्या ओढाताणीत उसळी जिरते आणि तिची उष्णता होते. दांड्यावर धूळ बसली की सील झिजतं, तेल पाझरतं, आणि उसळीला जिरायला जागाच उरत नाही.

खालचे बोल्ट गंजून बसले होते, त्यांना रात्रभर तेल पाजलं. जोखीम खरी पुढं होती. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडेल. म्हणून स्प्रिंग दाबून धरणारे दोन्ही बाजूंचे आकडे आळीपाळीनं, थोडे थोडे आवळल्याशिवाय मिस्त्रींनी वरच्या नटला पाना लावला नाही. जालना हे शहर भट्ट्यांचं, रोलिंग मिलचं आणि सळयांचं. लोखंडाचा धाक इथल्या कारागिराच्या हातात मुरलेला आहे. ती सावकाशी मी डोळे भरून पाहिली. रबरी माउंटिंग आणि बेअरिंगही नवीन टाकलं, नाहीतर स्टिअरिंग वळवताना कटकट तशीच राहते. मग व्हील अलाइनमेंट. ते टाळलं तर टायर एका कडेनं झिजतात.

मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं, म्हणून तिला ताडपत्रीखाली ठेवणं मला पटत नाही. समृद्धी महामार्गाच्या सपाट सिमेंटवरही तिला नेण्याची हौस नाही. मला ती अंबडकडं, घनसावंगीकडं, मोसंबीच्या बागांपर्यंत न्यायची आहे. पुढच्या मृगात चाकामागं पुन्हा हात घालून पाहीन. नळ्या कोरड्या लागल्या, तर सीलनं आपलं काम चोख केलंय.